न्दिरांगूचा वाटा

"उचल ते! उचल म्हणते ना! तुझ्या हातचं पाणीसुद्धा आता माझ्या घशाखाली उतरायचं नाही!"

म्हाताऱ्या न्यागुथीनं मक्याच्या पेजेचं भांडं असं काही लोटलं, की ते कलंडून गरम पेज मातीच्या जमिनीवरून ओघळत वामैथाच्या पायांपर्यंत आली. आठवा महिना लागलेली वामैथा जागची हलली नाही. दिवसभर खंदक खणून आलेली ती बिचारी दाराशी उभीच होती... पाठीवरची मोळी उतरवायलाही तिला सवड मिळाली नव्हती, मोळीचा पट्टा अजून कपाळात रुतलेला होता.

"आई, झालं तरी काय?"

"मलाच विचारतेस? जा, फाटकावर जाऊन बघ! त्या मुरिगू होमगार्डाच्या खांद्यावर जी घोंगडी आहे ना, तिला लाल फडक्याचं ठिगळ आहे. ते मी या हातांनी लावलंय! या गारठ्यात मी कुडकुडत राहिले, म्हटलं माझ्या लेकाला जंगलात ऊब मिळू दे. आणि तू? तू महिनाभर मला सांगत होतीस, 'आई, घोंगडी आवडली हो त्यांना, म्हणाले हिला आईचा वास येतो.' बोलली होतीस की नाही?"

"बोलले होते..."

"मग मुरिगूला पण माझाच वास आवडला का गं?"

वामैथाचे ओठ हलले. एक वाक्य, फक्त एकच वाक्य बोलली असती तर ती या घोर कलंकातून सुटली असती! पण त्या वाक्यानं समोरची ही वाळकी काटकी मधोमध मोडली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "माझ्याकडून हिसकावून घेतली त्यानं."

"आणि मला खोटं सांगायला पण त्यानंच शिकवलं वाटतं!"

त्या संध्याकाळी न्यागुथीनं चूल वेगळी केली. चूल वेगळी करणं हा आपल्याकडे बोलण्यातला शब्द आहे. इथे ती खरोखर वेगळी झाली, आणि तीही एकाच छपराखाली. टेकडीवरची जुनी घरं गोऱ्या सरकारनं जाळल्यावर सगळ्यांना या नव्या गावात आणून कोंबलं होतं, सभोवती कुंपण, फाटकावर मनोरा, घरटी एक झोपडी. त्या हातभर जागेत म्हातारीनं बाहेरून तीन दगड आणून आपली चूल मांडली. एका झोपडीत दोन चुली इथल्या किकुयू जमातीत कुणी पाहिल्या नव्हत्या, आणि शेजारणींना मात्र पाहायला फार आवडल्या.

दुसऱ्या सकाळी, आणि त्यानंतर रोज सकाळी, म्हातारीनं स्वतः खाण्यापूर्वी पहिला वाटा काढून ठेवला तो धाकट्या लेकाचा... न्दिरांगूचा.

हा वाटा वर्षभर चालत आलेला होता. थोरला गिचुकी, वामैथाचा नवरा, तिला दिवस राहिल्यावर पकडला जाऊन दूरच्या तुरुंगछावणीत होता. वामैथाची दोन मोठी मुलं तिच्या माहेरी होती. धाकटा न्दिरांगू सरकारशी लढायची शपथ घेऊन जंगलात गेला होता. घरात उरल्या सासू आणि सून, आणि त्यांच्यामध्ये हा वाटा. दिवसातून एक तास बायकांना, सरकारनं त्यांच्याच माणसांतून नेमलेल्या होमगार्डाच्या पहाऱ्यात शेतावर सोडत. त्या तासात वामैथा तो वाटा पिशवीतल्या पाल्याखाली लपवून नेई आणि नदीकाठच्या म्हाताऱ्या उंबराच्या ढोलीत ठेवून येई. ती परत आली की न्यागुथी विचारायची, "कालचं खाल्लं होतं का गं?" ढोली रिकामी असली की म्हातारीच्या चेहऱ्यावर असं तेज चढे, जसं काही तिनंच पोटभर खाल्लं होतं!

तेव्हा सासवा-सुनांचं गूळपीठ होतं. वामैथाला दिवस आहेत म्हटल्यावर म्हातारी रोज तिच्या पोटाकडे बघून हिशेब सांगायची. "पहिला सासऱ्याच्या नावाचा झाला, दुसरा तुझ्या बापाच्या नावाचा. हा तिसरा दिराचा. न्दिरांगू! जिवंत माणसाचं नाव आहे, जिवंतच ठेवायचं हं. नाहीतर त्या वांगेचीसारखं करशील."

वांगेची म्हणजे शेजारीण. तिचा सासरा शहरातून बेपत्ता झाला, वर्षभर वाट पाहून घरच्यांनी त्याला मेला धरला, आणि तिला मुलगा झाल्यावर त्याचं नाव ठेवलं करियूकी. मेलेल्याचं नाव पोराला द्यायचं असलं की इथे असंच करतात, करियूकी म्हणजे पुन्हा उठलेला. तीन महिन्यांनी सासरा आपल्या पायांनी चालत दारात हजर! पाळण्यात वाकून म्हणाला, "मी मेलोच नाही, मग हा लबाड उठला कुठून?" ही गोष्ट सांगताना न्यागुथी हसून हसून खोकायची आणि शेवटी मात्र गंभीर होऊन म्हणायची, "नावात चूक नको, पोरी. नावं वर जातात, डोंगरावरच्या देवाच्या कानावर."

आणि मग ती धुक्याची सकाळ आली...

म्हातारीनं घोंगडी दिली ती त्याच सकाळी. "ढोलीत नाही मावायची. फांदीवर टाक, तो घेईल," असं दहादा बजावून. धुकं इतकं दाट होतं की शेतावर गेलेल्या बायका एकमेकींना हाकेनं शोधत होत्या. वामैथा केळीच्या बागेतून उंबराकडे निघाली आणि तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

केळीच्या बुंध्याशी न्दिरांगू पडला होता. पोटावर दोन्ही हात घट्ट दाबलेले, आणि हातांखालची पानं रक्तानं काळी पडलेली...

"वहिनी," तो म्हणाला, जसं काही अंगणात भेटली होती, "आईनं आज काय दिलंय?"

"रताळी."

"भाजलेली?"

"भाजलेली. बोलू नका भावोजी, मी कुणाला तरी..."

"कुणाला बोलावणार? गोऱ्या साहेबाला?" तो हसायला गेला आणि त्याच्या कपाळावर घाम डवरला. तिनं रताळं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते नुसतं धरलं. "वहिनी, आईला सांगू नको. दादा सुटून येईपर्यंत तरी नको. माझा वाटा काढायचा म्हणून ती सकाळी उठते गं... तेवढं तिचं काढून घेऊ नको. वचन दे."

तिनं दिलं. काय करणार! मरणाऱ्याला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आणि रताळं हातात तसंच धरून, एकही घास न घेता, तो गेला.

वामैथानं तोंडावर हात दाबून मान वर केली तर धुक्यात बंदूक घेतलेला माणूस उभा. मुरिगू! शिट्टी त्याच्या गळ्यात होती. एकदा वाजवली असती तर साहेबानं प्रेत नेऊन फाटकावर टाकलं असतं, आणि झोपडी, सासू, पोटातलं मूल, सगळ्यांची राखरांगोळी झाली असती. पण मुरिगू शिट्टीला हात न लावता न्दिरांगूकडे बघत राहिला. दोघांची सुंता एकाच वर्षी, एकाच नदीकाठी, शेजारीशेजारी गवतावर बसून झाली होती. इथे त्या नात्यापुढे सख्ख्या भावाचं नातंही उणं पडतं.

"कुदळ दे," तो म्हणाला.

शेताच्या कडेला जंगल आणि गाव तोडणारा तो लांबच लांब खंदक खणला जात होता. त्याच्या काठावरच्या भुसभुशीत बांधात त्या दोघांनी न्दिरांगूला निजवलं. वामैथा त्याच्यावर घोंगडी पांघरायला वाकली तेव्हा मुरिगूनं ती तिच्या हातून काढून घेतली. "मेल्याला थंडी वाजत नाही, वहिनी. माझा हात प्रेताला लागलाय, मला विटाळ झालाय. शुद्धीला बकरा कुठून आणू? ही विकून बघतो." त्याचा आवाज उर्मट होता आणि डोळे भरलेले होते. त्या माणसाचा धड द्वेषही करता येईना आणि त्याला धड क्षमाही करता येईना, अशा विचित्र मनानं वामैथा परतली, आणि दारातच न्यागुथीनं विचारलं, "घोंगडी मिळाली का गं त्याला?"

"मिळाली, आई. आवडली त्यांना."

त्या पहिल्या असत्यापासून तिच्या जिवाची जी होरपळ सुरू झाली, ती देवालाच ठाऊक! ती रोज वाटा नेत राहिली. न्दिरांगूचे सोबती तो खात असावेत. ढोली रिकामी होत होती, अन्न फुकट जात नव्हतं एवढंच समाधान. रोज ती नवे निरोप रचत राहिली. मुरिगूला घोंगडी काही विकवली नाही. गारठा वाढला तसा तोच ती पांघरून फाटकावर उभा राहू लागला, आणि म्हातारीच्या नजरेनं ठिगळ ओळखलं.

चुली वेगळ्या झाल्यावर गावाला तोंडसुख मिळालं. "होमगार्डाकडची पांघरुणं फार ऊबदार असतात म्हणे," वांगेची पाण्यावर म्हणाली. वामैथा हंडा उचलून निघाली. या सगळ्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. तिला खरी यातना होई ती खंदकावर. तरण्या बायका खणायच्या आणि म्हाताऱ्या बांधावरची माती पायांनी चोपायच्या. आणि दुपारी दम खायला न्यागुथी नेमकी त्याच जागी बसायची, कारण तिथली माती मऊ होती!

"आई, तिथे नका बसू," एकदा न राहवून वामैथा म्हणाली.

"का? ही जागाही मुरिगूला देऊन टाकलीस वाटतं?" बायका फिदीफिदी हसल्या. म्हातारी तिथेच बसून, पदराखाली लेकाचा वाटा घट्ट धरून, जंगलाकडे बघत राहिली. आता ती तो वाटा सुनेच्या हाती देत नव्हती. दुसऱ्या कुणाची न्यायची छाती नव्हती. संध्याकाळी ते शिळं अन्न स्वतः खायची आणि सकाळी पुन्हा नवा वाटा काढायची.

मग विमान आलं. जंगलावर घिरट्या घालत ते माणसाच्या आवाजात, गावाच्याच भाषेत ओरडत होतं: हिरवी फांदी हातात धरून बाहेर या, मारणार नाही. शनिवारपर्यंत या. शनिवारनंतर बाँब पडतील.

शनिवारी सकाळी सगळं गाव खंदकावर गेलं. न्यागुथीनं होमगार्डाला सांगितलं, "सून अडलीय, मी सुईण म्हणून थांबते." वामैथा चकित झाली, तिला तर काहीच होत नव्हतं! पण होमगार्ड पुढे जाताच म्हातारीनं पिशवी उचलली. तीत भाजलेली रताळी, पेजेनं भरलेला सुक्या भोपळ्याचा तुंबा, आणि वर खोवलेली एक हिरवी फांदी.

 वामैथा दारात आडवी उभी राहिली. "आई, खंदक ओलांडलात तर गोळी घालतील."

"घालू देत. माझा आवाज ऐकून तो तरी बाहेर येईल. आज शेवटचा दिवस आहे."

"ते नाही येणार, आई!"

"का नाही येणार?"

 सांगावं? वचन मोडावं? पण सांगितलं आणि ही छाती पिटून रडली तर फाटकावर ऐकू जाईल, बांध उकरतील, मुरिगूला फासावर देतील, आणि ही... ही उद्या सकाळी कशासाठी उठेल?

"बाजूला हो," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज एकाएकी खाली आला होता आणि म्हणूनच भयंकर वाटत होता. "मी आज मेले तर मरताना माझ्या तोंडात तुझं नाव असेल. ध्यानात ठेव."

मरणाऱ्या आईबापाचा शाप! तो सात पिढ्या सुटत नाही असं म्हणतात.  वामैथानं हात जोडले, चौकट धरली, आणि त्याच क्षणी कंबरेतून अशी कळ आली की ती चौकटीवरून घसरत खाली बसली. म्हातारी तिला ओलांडून बाहेर पडली. एक पाऊल... दोन पावलं... तीन...

मागून किंकाळी आली. न्यागुथीनं आयुष्यात किती बायका मोकळ्या केल्या होत्या. खोटी कळ आणि खरी कळ तिला भिंतीपलीकडून ओळखू यायची. ती थांबली. जंगलाकडे बघून म्हणाली, "न्दिरांगू, जरा थांब रे राजा, एवढं उरकून येते," आणि परत फिरली.

सूर्य डोक्यावर यायच्या आत मूल झालं. मुलगा होता. न्यागुथीनं त्याची नाळ कापली, त्याला पुसलं, आणि इतक्या दिवसांचा राग विसरून तिचे सुरकुतलेले गाल थरथरले. आता दारात जाऊन ललकारी द्यायची होती. मुलगी झाली तर तीन, मुलगा झाला तर पाच. जो तो हातातलं काम थांबवून मोजतो. दाराशी पोचून तिनं रीतीप्रमाणे मागे वळून विचारलं, "कोण आलाय गं पाहुणा?"

उत्तर काय यायचं ते तिला ठाऊक होतं. इतके महिने तिनंच पढवलं होतं. वामैथानंही ते नाव मनात हजारदा घोकलं होतं. पण रक्त गेलेलं, डोळ्यांपुढे धुकं, त्या धुक्यात केळीची बाग, आणि बुंध्याशी कुणीतरी उठून बसतंय, हसतंय...

"करियूकी," ती म्हणाली.

 न्यागुथीचा हात चौकटीवरच थबकला.

"काय म्हणालीस?"

वामैथा भानावर आली. "नाही... नाही आई, चुकलं माझं! न्दिरांगू! न्दिरांगूच म्हणायचं होतं मला..."

"बाळंतिणीची जीभ चुकत नाही." न्यागुथी दाराला टेकली.  मग विचारलं, "कधी?"

"घोंगडी दिलीत, त्याच सकाळी."

"कुठं आहे तो?"

वामैथाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "तुम्ही बसता तिथं, आई. मुरिगूनं खणलं माझ्याबरोबर. घोंगडी त्यानं विटाळ फेडायला म्हणून घेतली. भावोजींनीच वचन घेतलं माझ्याकडून, 'आईला सांगू नको' म्हणून... मला माफ करा हो!"

म्हातारीनं तोंड उघडलं. आता किंचाळणार, आता सगळं उघडं पडणार, असं वामैथाला वाटलं; पण न्यागुथीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती जमिनीवर बसून पुढे-मागे, पुढे-मागे झुलत राहिली. आवाज एवढासुद्धा आला नाही. तसं रडणं कुणाच्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये!

खूप वेळानं तिनं पदर काढला. "काही खाल्लं होतं का त्यानं?"

इतकं खोटं बोलली होती, आणखी एकदा बोलणं सोपं होतं. वामैथाला ते जमलं नाही. "हातात रताळं होतं, आई."

"भाजलेलं ना? उकडलेलं त्याला आवडत नाही."

"भाजलेलंच होतं."

म्हातारीनं मान हलवली. मग ती उठली, आपल्या चुलीचे तीन दगड एकेक करून बाहेर टाकून आली, आणि सुनेच्या चुलीत फुंकर घातली. कमरेच्या गाठीतून तिनं मूठभर काळे वाल काढले. बाळंतिणीला द्यायचे ते वाल, भांडणाच्या साऱ्या दिवसांत तिनं गुपचूप जपून ठेवले होते! ते शिजत घालून तिनं पिशवीतलं रताळं सोललं, वामैथाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाशी घास धरला.

"खा. हा वाटा तुझाच. दोन महिने माझ्या पोराचं मरण तू एकटीनं पोटात घेऊन फिरलीस, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास... कसं गं सोसलंस? माझी पोटची पोरगी असतीस तरी इतकं केलं नसतंस."

"आई, तुमचा शाप..."

न्यागुथीनं तळहातावर हलकेच थुंकून तो हात सुनेच्या कपाळावर, पट्ट्यानं पडलेल्या त्या खोल वळावर फिरवला. शाप असाच पुसतात. मग तीच थुंकी बाळाच्या छातीला लावली आणि ती हिरवी फांदी हातात घेऊन दारात गेली.

तिची ललकारी गावावरून, कुंपणावरून, खंदकावरून पार जंगलापर्यंत गेली. बायकांनी कुदळी थांबवल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. "मुलगा!" वांगेची ओरडली. पण आवाज थांबला नाही. श्वास घेण्याइतकी उसंत, आणि पुन्हा... एक, दोन, तीन, चार... पाचवी ललकारी मध्येच चिरकली, पण तिनं ती पुरी केली. फाटकावरच्या मुरिगूनं खांद्यावरची घोंगडी काढून हातात घेतली आणि तो बांधाकडे तोंड करून उभा राहिला.

"अगंबाई, जुळे!" बायका एकमेकींना म्हणाल्या.

दुपारची शिट्टी झाली तशा त्या धावतच आल्या, वांगेची सगळ्यांच्या पुढे. दारात न्यागुथी बाळ घेऊन बसली होती.

"एकच दिसतोय की! दहा ऐकल्या आम्ही, मोजल्या! दुसरा कुठाय?"

न्यागुथीनं बाळाला छातीशी ओढून घेतलं. आत चुलीवर वाल रटरटत होते.

"दुसरा झोपलाय," ती म्हणाली. "त्याला उठवू नका."